‘विक्रांत पाहिली’ की ‘विक्रांतवर चढलो’? डहाणू-तलासरीच्या सहलींचा पुरावा शोधताना

मागच्या महिन्यात गाईड मॅडमनी तिसऱ्या प्रकरणाचा मसुदा परत दिला. बरीच पानं कोरी होती, म्हणजे बरं चाललंय असं समजायचं. एका वाक्याखाली मात्र पेन्सिलीची जाड रेघ होती. वाक्य माझंच: ‘२०१३ मध्ये उपनगरी रेल्वेसेवा डहाणू रोडपर्यंत वाढवण्यात आली. परिणामी तालुक्यातील मध्यमवर्गीय कुटुंबे एका दिवसात मुंबई पाहून परतू लागली; राणीची बाग आणि विक्रांत ही युद्धनौका ही त्यांची आवडती ठिकाणे होती.’ समासात मॅडमनी एवढंच लिहिलं होतं, ‘तारखा शेजारी शेजारी मांडून बघितल्यास का?’

नव्हत्या मांडल्या. त्या रात्री मांडल्या. चर्चगेट ते डहाणू रोड लोकल सुरू झाली १६ एप्रिल २०१३ ला. आणि विक्रांत धोकादायक झाली म्हणून लोकांसाठी बंद झाली २०१२ मध्ये. म्हणजे माझी मध्यमवर्गीय कुटुंबं लोकलमध्ये बसून अशा जहाजावर जात होती, ज्यावर आता कुणालाच जाता येत नव्हतं. दोन्ही तारखा मला स्वतंत्रपणे पाठ होत्या, वेगवेगळ्या वहीत लिहिलेल्या होत्या. पण ‘परिणामी’ हा शब्द इतका गुळगुळीत आहे की तो लिहिला की आपण पुरावा दिलाय असंच वाटतं.

तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय किंवा नुकताच विषय नोंदवलाय, म्हणून ही चूक उघड्यावर मांडतेय. माझा विषय आहे डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या कुटुंबांच्या एका दिवसाच्या सहली: कोण कुठे गेलं, कशानं गेलं, कोण गेलंच नाही. ‘सहलीवर पीएचडी?’ हा प्रश्न मला नातेवाइकांपासून झेरॉक्सवाल्या काकांपर्यंत सगळ्यांनी विचारलाय. मी आता उत्तर देत नाही, उलट विचारते, ‘तुम्ही पहिल्यांदा मुंबई कधी बघितली?’ मग काका झेरॉक्स थांबवून वीस मिनिटं बोलतात आणि माझी मुलाखत होऊन जाते.

आधी जहाजाविषयी थोडं, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. विक्रांत मुळात ब्रिटिश. दुसऱ्या महायुद्धात १९४३ मध्ये ‘हर्क्युलिस’ या नावाने बांधायला घेतलेली, १९४५ मध्ये पाण्यात उतरवलेली, पण युद्ध संपल्यामुळे अर्धवट पडून राहिलेली विमानवाहू नौका. भारताने ती १९५७ मध्ये विकत घेतली. ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला आली. १९७१ च्या डिसेंबरात बंगालच्या उपसागरात तिच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव, कॉक्स बाजार इथे हल्ले केले, आणि तिचं नाव घराघरात गेलं. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली. २००१ पासून नौदलाने ती संग्रहालय म्हणून लोकांना दाखवायला सुरुवात केली, तीही वर्षभर नाही, ठरावीक दिवसच. २०१२ मध्ये बंद, जानेवारी २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना लिलाव, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये दारूखान्यात तोडायला सुरुवात.

संग्रहालय म्हणून तिचं आयुष्य जेमतेम अकरा वर्षांचं, आणि त्यातलेही मोजके दिवस. तरी डहाणूत ज्याला विचारावं तो म्हणतो, ‘विक्रांत? बघितलीय ना आम्ही!’ हे कसं?

पहिला तपास मी घरातूनच सुरू केला. आमच्याकडे फोटोंचा एक अल्बम आहे, चिकट पानांचा, वर पारदर्शक प्लास्टिक असलेला. त्यात एक फोटो: बाबा आणि मी विक्रांतच्या डेकवर, मागे विमानाचा पंख, माझ्या डोळ्यांवर ऊन. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत कॅमेऱ्याने छापलेली तारीख, १ जानेवारी १९९४. रोलचा कॅमेरा काकांकडून मागून आणलेला होता. आता अडचण अशी की त्या तारखेला संग्रहालय नव्हतं, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे मीच नव्हते. माझा जन्म १९९६ चा. फोटोत मी दोन वेण्या घालून उभी आहे.

हसू नका. छापलेला आकडा दिसला की आपण त्यावर विश्वास ठेवतो, मग तो फोटोवरचा असो की सरकारी अहवालातला. त्या कॅमेऱ्यांत सेल बदलला की तारीख पुन्हा कारखान्यातून आलेल्या दिवसावर जाई आणि ती नीट लावायचे कष्ट कुणी घेत नसे. म्हणून तारीख बाजूला ठेवून मी कडेच्या गोष्टी पाहिल्या. त्याच रोलमधल्या गेटवेच्या फोटोत आईच्या मांडीवर माझा भाऊ आहे, नुकता मान धरायला लागलेला. तो जुलै २००३ चा. जहाज डिसेंबरात, नौदल दिनाच्या आसपास उघडायचं हे बाबांना पक्कं आठवतं. म्हणजे फोटो डिसेंबर २००३ चा. ‘याच्या आधीचा असूच शकत नाही’ आणि ‘याच्या नंतरचा असूच शकत नाही’ अशा दोन भिंती उभ्या केल्या की मधली जागा आपोआप अरुंद होत जाते. पुराभिलेखातलं तारीख नसलेलं पत्रसुद्धा असंच वाचायचं असतं.

पण त्या अल्बममध्ये दुसरं काहीतरी होतं, जे मला वीस वर्षांत दिसलं नव्हतं. डेकवरच्या एकाही फोटोत आई नाही. मी धरून चालले होते की फोटो तीच काढत असणार. विचारलं तर म्हणाली, ‘मी कुठे वर आले होते? बाळाला घेऊन आणि साडी नेसून त्या उभ्या शिड्या कोण चढणार? तुमच्या सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत खालीच बसले.’ फोटो कुठल्यातरी अनोळखी माणसाने काढून दिला होता.

मग तिने खालचं जहाज सांगितलं. बाबांकडून मला तोफा, विमानं, लांबी असं सगळं मिळालं होतं (बाबांना लांबी फुटांत पाठ आहे, ७००). आईने सांगितला तो हँगरमधला उकाडा, ताज्या तेलरंगाचा वास, डोक्यावरून जाणारे जाड पाइप, पायाखाली लोखंडी पत्र्याचा आवाज. एका नौसैनिकाने तिला स्टूल आणून दिलं होतं, आणि बाळ रडायला लागल्यावर दोन अनोळखी बायका, त्याही वर न गेलेल्या, तिच्याजवळ येऊन बसल्या होत्या. एक भाईंदरची होती. पुऱ्या-भाजीचा डबा त्या तिघींनी तिथेच उघडला. ‘मला ते जहाज म्हणजे एक मोठी लोखंडी खोलीच वाटली,’ आई म्हणाली. ‘समुद्र मला गेटवेलाच दिसला तेवढा.’

‘कौटुंबिक सहल’ असा शब्द मी प्रबंधाच्या शीर्षकात घातलाय. पण आमच्याच कुटुंबात त्या दिवशी दोन सहली झाल्या, आणि वरच्या सहलीचाच फोटो निघाला. तेव्हापासून मुलाखतीत मी एक प्रश्न वाढवलाय: ‘फोटोत कोण नाही?’ या एका प्रश्नाने मला जेवढं दिलंय तेवढं प्रश्नावलीच्या चार पानांनी दिलं नाही.

आता ‘बघितलीय ना आम्ही’ कडे वळू. मुलाखती लिहून काढताना आपण घाईत क्रियापद बदलतो. माणूस म्हणतो ‘विक्रांत पाहिली’, आपण लिहितो ‘विक्रांतला भेट दिली’. मी माझी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली तेव्हा हा घोळ लक्षात आला. १९७०-८० च्या दशकांतल्या आठवणी सांगणारे बहुतेक जण ‘पाहिली’ म्हणतात, ‘चढलो’ किंवा ‘वर गेलो’ म्हणत नाहीत. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमधून बंदरातली नौदलाची जहाजं दिसतात. लाँचवाला हात करून दाखवणार, मुलं एका बाजूला धावणार, लाँच कलणार, कुणीतरी ओरडणार. ती त्यांची विक्रांत. ते दिसलेलं जहाज खरोखर विक्रांतच होतं का, हे आता सांगता येणार नाही. १९७१ नंतर करड्या रंगाचं प्रत्येक मोठं जहाज विक्रांतच असणार. याशिवाय नौदल सप्ताहात काही युद्धनौका लोकांना पाहायला खुल्या करण्याची प्रथा आहे, त्यामुळे १९९७ च्या आधी ‘वर गेलो’ म्हणणारा माणूस खोटं बोलतोय असंही लगेच धरता येत नाही. तो दुसऱ्या जहाजावर चढला असेल आणि नाव हे राहिलं असेल.

एका मुलाखतीत तर मी सरळ अन्याय केला होता. मल्याणमधले एक निवृत्त शिक्षक म्हणाले होते, ‘लोकलने गेलो आम्ही विक्रांतला, चौघं.’ मी समासात लिहिलं, ‘स्मृतिदोष. लोकल २०१३ ला आली.’ शिक्का मारून मोकळी झाले. मॅडमच्या रेघेनंतर पुन्हा त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, ‘सर, घरातून निघाल्यापासून सांगा.’ तर सकाळी डहाणूहून शटल पकडली, विरारला उतरले, पूल चढून दुसऱ्या फलाटावर गेले आणि तिथून चर्चगेट लोकल. त्यांच्या दृष्टीने शटल हा प्रवास नव्हताच, ती तर रोजचीच. सहल सुरू झाली ती विरारला लोकलमध्ये खिडकी मिळाली तेव्हा. डहाणू ते चर्चगेट सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, त्यातलं निम्मं अंतर त्यांनी सांगितलंच नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. चूक आठवणीची नव्हती, माझ्या कानांची होती. तेव्हा ‘स्मृतिदोष’ हा शब्द वहीत लिहायच्या आधी एकदा परत जाऊन माणसाला रस्ता विचारा.

इथपर्यंत मी डहाणूतच आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल. चिकूच्या वाड्यांची, शिक्षकांची, व्यापाऱ्यांची, रेल्वेत नोकरी असलेल्यांची डहाणू. सुट्टीच्या दिवशी पारनाक्याच्या समुद्रावर नाहीतर बोर्डीच्या सुरूंमध्ये जाणारी, पाहुणे आले की बहारोटच्या गुहा दाखवणारी. त्या गुहा नक्की बघा. उदवाड्याचा इराणशाह अग्नी हल्ल्याच्या भीतीने संजाणहून हलवून बारा वर्षं तिथल्या डोंगरात जपला होता, असं पारशी परंपरा सांगते, आणि चढताना दम लागतो. डहाणूचा किल्ला पोर्तुगीजांच्या वेळचा, १७३९ च्या सुमारास वसईच्या मोहिमेत मराठ्यांकडे आलेला. पण गावातल्या लोकांना तो सरकारी कामाची जागा म्हणूनच जास्त माहीत, सहलीला तिथे कोण जाणार!

तलासरीत गेले तेव्हा माझी प्रश्नावली पहिल्या तासातच कोसळली. पहिला प्रश्न होता, ‘तुमच्या लहानपणी कुटुंबासोबत सहलीला कुठे जायचात?’ एका वारली आजींनी माझ्याकडे बघितलं, मग सुनेकडे बघितलं. सुनेने सांगितलं, ‘फिरायला, फिरायला.’ आजी म्हणाल्या, ‘फिरायला कशाला? कामालाच फिरत होतो.’ दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी हेच. संध्याकाळी बसमध्ये मी वहीत लिहिलं, ‘तलासरी: माहिती उपलब्ध नाही.’ हे वाक्य मी अजून खोडलेलं नाही, मुद्दाम ठेवलंय.

माहिती भरपूर होती, माझा शब्द चुकला होता. सहल म्हणजे सुट्टी, भाडं आणि जायला एखादी जागा. या तिन्ही गोष्टी एकत्र असणं हे या भागात नैसर्गिक नव्हतं, ते मिळवावं लागलं. रेल्वे तर १८६४ पासून दारातून जात होती. पण वारली माणसाचा वेळ त्याचा स्वतःचा नव्हता. तो जमीनदाराच्या वेठीत आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जाच्या गडीपणात अडकलेला होता. २३ मे १९४५ ला झरी गावी किसान सभेच्या सभेत वेठ नाकारायचं ठरलं. हा सगळा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात गवत कापणीच्या मजुरीवरून संप झाला. मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्यात जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला, जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. गोदावरी परुळेकरांनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये लिहिलंय, ते तुम्ही वाचलं असेलच. मी ते तिसऱ्यांदा वाचलं ते एकाच गोष्टीसाठी: त्या गवताचं पुढे काय व्हायचं? ते रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांना आणि गोठ्यांना जायचं. म्हणजे त्या रुळांवरून मुंबईला आधी गवत पोचलं. कापणाऱ्या हातांना तिकीट काढून तिकडे जायला पुढच्या दोन पिढ्या लागल्या.

तेव्हा मी प्रश्न बदलला. ‘सहलीला कुठे गेलात?’ ऐवजी ‘मुंबई पहिल्यांदा कधी पाहिली?’ आणि त्याच आजी (सुनेने पुन्हा चहा केला) म्हणाल्या, ‘मोर्चाला.’ लाल झेंडा, बाजरीच्या नाही, तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात बांधलेल्या, ट्रकने का गाडीने ते नक्की आठवत नाही. आझाद मैदानात रात्र काढली. दुसऱ्या दिवशी परतायच्या आधी कुणीतरी म्हणालं, समुद्र जवळ आहे, बघून येऊ. दहा-बारा बायका चालत गेल्या. त्यांनी तिथे काय पाहिलं? ‘लई मोठी नाव. आतमधी माणसं राहत असतील तेव्हडी.’ नाव कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

आता हे माझ्या प्रबंधात कुठे बसवू? सहल म्हणून की राजकीय आंदोलन म्हणून? माझ्या सहाध्यायांपैकी एकाचं मत, दोन्ही मिसळू नकोस, परीक्षक तोडतील. मला वाटतं मिसळलेलंच आहे, मी वेगळं करायला गेले तर आजींचा समुद्र माझ्या हातून जाईल. यावर अजून भांडण चालू आहे.

तलासरीत रेल्वे स्टेशन नाही. महामार्ग आहे, एसटी आहे, आणि गाडी पकडायची तर डहाणू किंवा मग गुजरातेतलं संजाण, उंबरगाव. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली, उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग तिकडे गेला आणि तलासरी इकडे राहिली. त्यामुळे इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘तिकडे’ म्हणजे कुठे हे दर वेळी विचारून घ्यावं लागतं. त्यांना एक दिवसाची हक्काची मौज मिळायची ती महालक्ष्मीच्या जत्रेत, विवळवेढ्याला, चैत्री पौर्णिमेपासून पुढे पंधरवडाभर. पाळणा, मिठाई, बांगड्या, सुकी मासळी, नातेवाइकांच्या गाठीभेटी, लग्नं ठरणं. कौटुंबिक सहलीची कुठलीही व्याख्या घ्या, ती जत्रेला तंतोतंत बसते. पण मी ती ‘धार्मिक उत्सव’ या रकान्यात टाकून दिली होती, कारण बागेला तिकीट असतं आणि जत्रेला नसतं, बहुधा एवढ्याच कारणाने.

शाळेच्या सहलींनी चित्र बदललं. आश्रमशाळा आणि वसतिगृहांतून शिकलेल्या पिढीला ‘सहल’ हा शब्द शाळेने दिला. एसटीची प्रासंगिक कराराची गाडी, पहाटे चारला हजेरी, पुढच्या सीटवर सर, मागे उलट्या. राणीची बाग, तारापोरवाला मत्स्यालय, म्हातारीचा बूट, गेटवे, आणि डिसेंबर असेल तर जहाज. तलासरीतला एक तरुण, आता स्वतः शिक्षक, मला म्हणाला, ‘मॅडम, विक्रांतवर जायला मिळालं, पण आईबापांना घेऊन नाही. मी त्यांना घेऊन जाईन म्हणेपर्यंत जहाज संपलं.’ त्याने ‘संपलं’ म्हटलं, ‘तोडलं’ नाही. मी तसंच लिहून ठेवलंय.

जहाज का संपलं, हे थोडक्यात. कुलाब्याच्या ऑइस्टर रॉकजवळ ते कायमचं उभं करायच्या कल्पना निघाल्या, पण राज्य सरकारला चालवणारा भागीदार मिळाला नाही, आणि समुद्रात उभं असलेलं लोखंड वर्षागणिक कुजत गेलं. जनहित याचिका झाली. जहाजाची अवस्था जतन करण्याजोगी राहिलेली नाही आणि पैसाही नाही असं म्हणत उच्च न्यायालयाने ती फेटाळली. सर्वोच्च न्यायालयातही ऑगस्ट २०१४ मध्ये तोच निकाल लागला. मला स्वतःला याची हळहळ वाटते, पण ती वाटताना हेही मान्य केलं पाहिजे की तरंगतं जहाज जपणं हे इमारत जपण्यासारखं काम नाही. विशाखापट्टणमला कुरसुरा ही पाणबुडी आणि कारवारला चपळ ही नौका सरळ किनाऱ्यावर ओढून ठेवल्या, म्हणून त्या टिकल्या. २१३ मीटरचं जहाज ओढून ठेवायचं कुठे?

याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडली. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. माझ्यासारख्यांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की माझ्या दोन तालुक्यांचे जुने कागद एका जिल्ह्यात आणि माणसं दुसऱ्या जिल्ह्यात. १८८२ चं ठाणे गॅझेटियर उघडलं की डहाणू त्यात सापडते, ‘पालघर जिल्हा’ शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. विषय नोंदवतानाच आपल्या गावाच्या हद्दी कधी कधी बदलल्या याची एक पट्टी करून भिंतीवर लावा. आणि शाळांकडे जाल तेव्हा मुख्याध्यापकांना फक्त ‘जुनी कागदपत्रं’ मागू नका, ते नाहीत म्हणतील. लॉगबुक, सहलीची परवानगीपत्रं, एसटीच्या कराराच्या पावत्या असं नाव घेऊन मागा. एका शाळेत मला पावत्यांचा गठ्ठा मिळाला तो विज्ञानाच्या कपाटात, सांगाड्याच्या पायाशी. उंदरांनी कडा खाल्ल्या होत्या, पण तारखा मधे होत्या.

एक मुलाखत अजून कुठल्याच प्रकरणात बसत नाही. धाकटी डहाणूतले एक मांगेला तांडेल, वय झालंय, आता बोटीवर जात नाहीत. मी जहाजाच्या संग्रहालयाचं विचारलं तर हसले. ‘जहाज बघायला मुंबईला कशाला जायचं, पोरी? रात्री दिवे दिसतात ते जहाजांचेच. जाळ्यावरून गेलं की कळतं.’ त्यांच्या लेखी मोठं जहाज ही बघायची वस्तू नव्हे, टाळायची. वाढवणच्या बंदराचा विषय आपोआप निघाला. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, १९९८ मध्ये तालुक्याच्या पर्यावरण प्राधिकरणाने बंदराला नकार दिला, आणि ३० ऑगस्ट २०२४ ला त्याच बंदराचं भूमिपूजन झालं. या तारखा मी सांगत नव्हते, ते मला सांगत होते, बोटांवर मोजत. मी मात्र मधेच विचारलं, ‘काका, पण तुम्ही कधी विक्रांत पाहिली का?’ रेकॉर्डिंगमध्ये माझा तो आवाज ऐकला की आजही कान गरम होतात. प्रश्नावली पूर्ण करायच्या नादात मी समोरचं बोलणं तोडलं होतं. ते दोन क्षण थांबले आणि म्हणाले, ‘पाहिली असेल. तिने आम्हाला नसेल पाहिली.’

तर ते वाक्य आता असं झालंय: ‘२००१ ते २०१२ या काळात विक्रांत ठरावीक दिवशी लोकांसाठी खुली असे. डहाणूहून जाणारी कुटुंबे शटलने विरारपर्यंत आणि तिथून लोकलने जात. २०१३ मध्ये थेट लोकल सुरू झाली तेव्हा हे संग्रहालय बंद झालेले होते.’ ‘परिणामी’ गेलं. वाक्य रुक्ष झालं, पण मॅडमची रेघ आली नाही. थेट लोकलने नेमकं काय बदललं हा प्रश्न मात्र आता नव्याने उभा आहे. सुरुवातीच्या मुलाखतींवरून असं दिसतंय की उलट दिशेची गर्दी वाढली, म्हणजे मुंबई-वसईकडची कुटुंबं डहाणू-बोर्डीला येऊ लागली. रविवारी पारनाक्यावर गाड्या लावायला जागा नसते हे मी डोळ्यांनी बघते. पण मी बघते हा पुरावा नव्हे. स्टेशनच्या तिकीटविक्रीचे आकडे मागवलेत, बघू कधी येतात.

माझ्या चुलतभावाकडे बजाजची व्ही मोटरसायकल आहे, २०१६ मध्ये आलेली, तीच जिच्यात विक्रांतचं पोलाद वापरल्याची जाहिरात होती. बाबा अधूनमधून तिच्या टाकीवर टिचकी मारून बघतात. कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी नौदलाची टी-८० ही निवृत्त नौका आणून ठेवलीय, विक्रांतच्या मानाने अगदीच छोटी आणि जमिनीवर. मुलाखतींतून एखादा रविवार मिळाला की घरच्यांना घेऊन जाणार आहे. आईला म्हटलं, या वेळी फोटोत तूच उभी राहायचंस. ती म्हणाली, ‘आधी विचारून घे, शिड्या किती आहेत.’